वाट बंद होण्याआधी दुसरी वाट शोधा
(आपत्तीच्या काळात शेतमाल, दूध, वैरण आणि खत अडू नये म्हणून मोबाइलचा उपयोग)



पीक चांगलं आलं, तोडणीही वेळेवर झाली, माल क्रेटमध्ये भरून बांधावर ठेवला, आणि गाडीच आली नाही. ओढ्याला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, नाहीतर बाजार समितीच बंद झाली. शेतात कष्ट करून पिकवलेला माल वाटेत सडला. असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांवर आलेला आहे. पाऊस आपल्या हातात नाही हे खरं. पण पाऊस आल्यावर माल कुठून, कुणाच्या गाडीतून आणि कुणाकडे जाणार, हे ठरवणं मात्र पुष्कळसं आपल्या हातात आहे. त्यासाठी आज खिशातल्या मोबाइलचा चांगला उपयोग होतो. तो कसा करावा आणि कुठे त्याच्यावर विसंबू नये, हे या पत्रकात सांगितलं आहे.

साखळी म्हणजे काय?

आपला माल शेतातून गिऱ्हाइकाच्या घरी जातो तो पाच-सहा हातांतून जातो. तोडणीचे मजूर, क्रेट किंवा बारदान, गाडी, रस्ता, आडत्या किंवा व्यापारी, आणि शेवटी पैसे. दुधाचं पाहिलं तर गोठा, संकलन केंद्र, शीतकरण, टँकर. उलट दिशेनेही अशीच साखळी असते. बियाणं, खत, डिझेल, पेंड आणि जनावरांची औषधं बाहेरून गावात येतात. याला पुरवठा साखळी म्हणतात. साखळी कितीही मजबूत असो, एक कडी तुटली की सगळी साखळी निकामी होते. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने आधी एवढंच पाहावं की आपल्या साखळीतली कच्ची कडी कोणती.

गेल्या काही वर्षांनी काय शिकवलं?

ऑगस्ट २०१९ आठवा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्गावर पाणी आलं आणि मालगाड्यांच्या रांगा दोन्ही बाजूंना दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. गावोगावचं दूध संकलन बंद पडलं, आणि तिकडे मुंबईत दुधाची टंचाई झाली. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांवर गेलं आणि महामार्ग पुन्हा बंद झाला. इथे तुटलेली कडी होती रस्त्याची.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. रस्ते कोरडे होते, पूल जागेवर होते. पण मजूर, गाड्या आणि बाजार थांबले. नाशिक-सांगलीकडे द्राक्षं वेलीवर तयार होती. पुष्कळ बागायतदारांनी माल विकला जात नाही असं पाहून बेदाणा केला. काहींनी पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थांशी मोबाइलवरून संधान बांधलं, व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेतली आणि माल थेट पोचवला. इथे कडी तुटली बाजाराची. ज्यांच्यापाशी दुसरा मार्ग होता ते तरले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळले. पुष्कळ गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हता. इथे तुटली ती निरोपाची कडी.

सरकारनेही टाळेबंदीत मार्ग काढले. गाडी मिळावी म्हणून १७ एप्रिल २०२० रोजी ‘किसान रथ’ अ‍ॅप सुरू झालं. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली. पुढे सांगोल्याचं डाळिंब अशाच गाडीने बंगालपर्यंत गेलं. या सोयी चांगल्या होत्या, पण टाळेबंदी लागल्यानंतर एकीला तीन आठवडे लागले आणि दुसरीला चार महिने. टोमॅटो, दूध, पालेभाजी तितकी थांबत नाही. म्हणून पहिले आठ दिवस आपली सोय आपणच करायची, असं धरून चाला.

मोबाइल कधी कामाचा?

निसर्ग वादळाने दाखवलेली गोष्ट नीट लक्षात घ्या. संकट अंगावर आल्यावर मोबाइल बंद पडू शकतो. त्याचा खरा उपयोग आधी आहे: इशारा ऐकायला, निरोप द्यायला, भाव पाहायला, गाडी ठरवायला. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, तसंच पाणी पुलावर आल्यावर फोन लावून चालत नाही.

पहिलं काम : मे महिन्यात एक वही करा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. तिला साखळीची वही म्हणू. मोबाइलमध्ये जे आहे ते या वहीतही लिहा, कारण वहीची बॅटरी उतरत नाही. तीत एवढं असावं :

१. दोन गाडीवाले. एक नेहमीचा आणि दुसरा पुलाच्या पलीकडच्या गावातला. पूल बंद झाला तर पलीकडची गाडी पलीकडच्या बाजूने चालू शकते.

२. दोन वाटा. नेहमीची आणि उंचावरची. मोबाइलच्या नकाशावर वाट दिसते, पण नकाशाला फरशी पूल कधी बुडतो ते कळेलच असं नाही. गावातल्या जाणत्या माणसाला विचारून वाट पक्की करा.

३. दोन बाजार. जवळची बाजार समिती आणि दुसऱ्या दिशेची. दोन्हीकडच्या एकेका आडत्याचा नंबर ठेवा. दुसऱ्या बाजारात वर्षातून एक-दोनदा थोडा माल पाठवून ओळख ठेवा. अडचणीच्या दिवशी अनोळखी माणसाचा माल कोण आपुलकीने विकेल?

४. पाण्याची खूण. ही फार मोलाची गोष्ट आहे. नदीची पातळी अमुक ठिकाणी किती फूट झाली की आपला पूल बुडतो, हे जुन्या पुरांवरून लिहून ठेवा. ‘राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट झाले की आपली वाट बंद’ अशी एक ओळ वहीत असली, म्हणजे मोबाइलवरचा आकडा तुमच्या कामाचा होतो. नाहीतर तो नुसता आकडाच राहतो.

५. लागणाऱ्या वस्तू. पावसाळ्याच्या तोंडावर दहा दिवसांची पेंड आणि वैरण उंच जागी ठेवा. जनावरांच्या डॉक्टरचा नंबर, जनरेटरसाठी डिझेल, जादा बारदान आणि ताडपत्री यांचीही नोंद करा.

दुसरं काम : इशारा कुठे पाहावा?

हवामान खात्याचे इशारे चार रंगांत असतात. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. ‘अतिवृष्टीचा इशारा’ ऐकला की आकडाही विचारा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला तर अत्यंत जोरदार.

‘मेघदूत’ अ‍ॅपवर आपल्या जिल्ह्याचा हवामान अंदाज आणि पीकसल्ला मिळतो. सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. विजांसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप आहे, ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलं आहे. नद्यांच्या पातळीसाठी केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ २०२३ पासून आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अ‍ॅप सर्व प्रकारचे इशारे देतं. ही सगळी फुकट आहेत. पण चारही उघडून बसायची गरज नाही. घरातल्या एका शिकत्या मुलाकडे किंवा मुलीकडे हे काम द्या. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाहून घरात सांगायचं, एवढंच. आणि रेडिओ ऐकत जा. मनोरा कोसळला तरी सेलवर चालणारा रेडिओ बोलत राहतो.

धरणाच्या विसर्गाकडे खास लक्ष द्या. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले किंवा कोयनेतून विसर्ग वाढला, की खाली पाणी यायला काही तास लागतात. तेवढेच तास आपल्या कामाचे असतात. आपल्या गावाला पाणी किती तासांनी येतं, हेही वहीत टिपून ठेवा.

तिसरं काम : नारिंगी इशारा आला की काय करावं?

बंधूंनो, इथेच पुष्कळांचं नुकसान होतं. ‘बघू उद्या’ म्हणून एक दिवस जातो आणि त्याच दिवशी वाट बंद होते. म्हणून क्रम ठरवून घ्या.

पहिल्या सहा तासांत गाडीवाला आणि आडत्या या दोघांना फोन करा. दोन्ही बाजारांतला त्या दिवसाचा भाव पाहा. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात. तोडणीला आलेला माल असेल तर मजूर सांगून ठेवा.

त्यानंतर तोडणी करा. सगळा माल तोडू नका. दोन-तीन दिवसांत तयार होणारा माल आधी काढा. हिरवा माल राहू द्या, तो वेलीवर किंवा झाडावर थोडा टिकेल. काढलेलं सोयाबीन किंवा मका शेतात ढिगाने ठेवला असेल तर आधी तो झाका किंवा घरी आणा.

गाडी भरली की मालाचा, वजनाच्या पावतीचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो काढा. ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लाइव्ह लोकेशन’ चालू ठेवायला सांगा, ते आठ तासांपर्यंत ठेवता येतं. गाडी कुठे अडली ते घरबसल्या कळतं, आणि पुढचा रस्ता बंद असेल तर तिला वाटेतच दुसऱ्या बाजाराकडे वळवता येतं.

पण एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, ड्रायव्हरला भरीस पाडू नका. पाणी गुडघाभर दिसलं तरी खालचा रस्ता वाहून गेलेला असू शकतो. माल पुन्हा पिकेल, माणूस परत येत नाही.

हिशेब आधी मांडा

आता तुम्ही म्हणाल, लांबच्या बाजाराला नेलं तर भाडं जास्त लागतं. बरोबर आहे. म्हणून हिशेब मांडू. समजा तुमच्याकडे १०० क्रेट टोमॅटो आहे. क्रेटला २० किलो धरले तर २,००० किलो माल झाला. जवळच्या बाजारात १० रुपये किलो भाव आहे, पण पूल बुडाला. दुसरा बाजार ९० किलोमीटर लांब आहे, तिथे भाव ९ रुपये. म्हणजे १८,००० रुपये आले. जादा भाडं ४,००० गेलं. हातात राहिले १४,००० रुपये.

आता दुसरी बाजू. तुम्ही पूल उघडायची वाट पाहत तीन दिवस थांबलात. अर्धा माल गळाला, १,००० किलो उरला. वाट उघडली, तेव्हा सगळ्या गावांचा अडलेला माल एकाच दिवशी बाजारात आला. भाव पडून ५ रुपये झाला. हातात आले ५,००० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. पण वाट उघडल्यावर आवक एकदम वाढते आणि भाव पडतो, हे विसरू नका. नेहमीचा बाजार चांगला खरा, पण माल पोचला तरच.

सगळाच माल लांब न्यायला परवडत नसेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक गाडी करा. गावाचा किंवा गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर त्यावर रोज संध्याकाळी एकच निरोप टाकावा : कुणाचा, कोणता, किती माल, कधी तयार. सुप्रभाताच्या चित्रांसाठी दुसरा ग्रुप ठेवा. या ग्रुपवर फक्त मालाचं बोलायचं.

दूध आणि टिकणारा माल

दूध बिगर थंड केलेलं चार-पाच तासांपुढे भरवशाचं नसतं. संकलन केंद्रावर शीतकरण टाकी असेल तर वीज गेल्यावर जनरेटर किती तास चालेल, डिझेल किती आहे, हे पावसाळ्याआधी सचिवांना विचारा. टँकर येणार नाही असं कळलं, तर दूध ओतून देण्यापेक्षा खवा, दही, लोणी, तूप करा. त्यासाठी सरपण कोरडं असायला हवं, आणि ती तयारी आधीच करायची असते.

सोयाबीन, तूर, मका, हरभरा यांचं वेगळं आहे. हा माल टिकतो, म्हणून घाईने पडत्या भावात विकू नये. नीट वाळवून, सोयाबीनची ओल १२ टक्क्यांच्या आत आणून, गोदामात ठेवावा. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. कोणत्या मालाला, किती मुदतीला, ते आपल्या बाजार समितीत विचारा. नोंदणीकृत वखारीत माल ठेवल्यास इलेक्ट्रॉनिक पावती मिळते. ती संगणकावर राहते, त्यामुळे पुरात कागद भिजला तरी नोंद शाबूत राहते. मात्र गोदाम निवडताना जमीन उंच आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

फोन बंद पडला तर?

यासाठी आधीच बोलून ठेवा. गाडीवाल्याशी ठरवा : ‘लाल इशारा लागला आणि फोन लागला नाही, तर तू पहाटे पाच वाजता पलीकडच्या फाट्यावर थांब, आम्ही माल ट्रॅक्टरने आणतो. वाट पाण्याखाली असेल तर आम्ही येणार नाही, सात वाजता तू परत जा.’ असा ठराव असला म्हणजे निरोपावाचून काम होतं.

इशारा आला की सगळे फोन पूर्ण चार्ज करा. पुढे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करता येतो, त्याची वायर आणून ठेवा. बोलणं होत नसेल तेव्हा साधा एसएमएस पाठवून बघा, पुष्कळदा तो जातो. थोडी रोख रक्कम घरात ठेवा, कारण वीज आणि मनोरा गेल्यावर मोबाइलवरचा पैसा चालत नाही.

फसवणुकीपासून सावध

अडचणीत माणूस घाई करतो, आणि भामट्यांना ते माहीत असतं. अनोळखी व्यापाऱ्याचा फोन येतो, ‘सगळा माल घेतो, आगाऊ पैसे पाठवतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका.’ नीट ऐका : पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

‘धरण फुटलं’, ‘बाजार महिनाभर बंद’ असे निरोप फिरतात. तारीख नसलेला निरोप खरा धरू नका. बाजार समिती, पोलीस पाटील किंवा तहसील कचेरीतून खात्री करा आणि मगच पुढे पाठवा.

तुमच्या शंका

‘आमच्याकडे साधा फोन आहे, स्मार्टफोन नाही.’ काही बिघडत नाही. फोन करून भाव विचारता येतो, एसएमएस येतो. शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या फुकट नंबरवर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत फोन करा, मराठीत बोला. बाकी काम शेजाऱ्याच्या फोनवर होईल, पण वही तुमची स्वतःची हवी.

‘दरवर्षी इशारे येतात, पूर काही येत नाही.’ खरं आहे, प्रत्येक इशाऱ्याला पूर येत नाही. पण दोन फोन आणि एक दिवस आधी तोडणी, एवढाच तयारीचा खर्च आहे. पूर आला नाही तर थोडं भाडं जादा जाईल. आला तर हंगाम वाचेल.

‘मी एकटा काय करणार?’ एकट्याने गाडी भरत नाही हे खरं. वही मात्र एकट्यालाच सुरू करावी लागते. चार घरांनी वह्या केल्या की गट आपोआप होतो.

थोडक्यात

१. आपल्या साखळीतली कच्ची कडी ओळखा.
२. दोन गाड्या, दोन वाटा, दोन बाजार ठरवा.
३. नदीच्या कोणत्या पातळीला आपली वाट बुडते, ते लिहून ठेवा.
४. नारिंगी इशाऱ्यालाच हालचाल करा, लाल इशाऱ्याची वाट पाहू नका.
५. जे मोबाइलमध्ये, ते वहीतही.
६. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.

हे पत्रक वाचून झालं की घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा आणि शेजाऱ्याला द्या. येत्या रविवारी घरी बसून वहीचं पहिलं पान लिहा. पहिल्या पानावर पलीकडच्या गावातल्या गाडीवाल्याचं नाव आणि नंबर असू द्या. तो नंबर नसेल तर उद्याच विचारून घ्या.